सात खाली, तीन डावीकडे: एका रिव्हॉल्व्हरचं प्रकरण

रिव्हॉल्व्हर .38 स्पेशल नावाच्या काडतुसाचं. नळी चार इंची, रिकामं वजन साधारण 900 ग्रॅम. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच (दोन्ही मिळून साइट) पक्क्या, फिरवायला कुठेही स्क्रू नाही. मालक माझा पुतण्या, बरीच वर्षं ओहायोत स्थायिक. काडतुसं तो स्वतः भरतो आणि त्यातल्या शिशाच्या गोळ्याही घरीच ओततो. तिथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो.

तक्रार अशी होती: 25 यार्डांवर, म्हणजे जवळपास 23 मीटरवर, मध्यावर नेम धरला की गोळ्या सरासरी सात सेंटीमीटर खाली आणि तीन सेंटीमीटर डावीकडे लागतात. ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, वाईट नव्हता. पाच गोळ्या आठेक सेंटीमीटरच्या आत बसत होत्या, आणि हातात धरून मारलेल्या चार इंची रिव्हॉल्व्हरसाठी ते ठीकच म्हणायचं. फक्त सगळा ग्रुप भलतीकडे पडत होता.

डिसेंबरात तो पुण्याला आला तेव्हा फोनमध्ये लक्ष्याच्या कार्डांचे फोटो होते आणि डोक्यात उपाय पक्का होता. "काका, माशी उंच आहे. कानसीनं घासतो, गोळ्या वर येतील. डावीकडचं नंतर बघू."

उपाय तत्त्वतः बरोबर आहे. माशी कमी केली की नळी तेवढी वर उचलून धरावी लागते आणि मार वर जातो. किती घासायची याचा हिशेबही सोपा: चूक गुणिले माशी-खाचेतलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. सात सेंटीमीटर गुणिले चौदा, भागिले 2300, म्हणजे 0.43 मिलिमीटर. कानसीचे चारदोन हात. पण घासलेलं परत येत नाही, आणि चूक माशीचीच आहे हे अजून कोणी दाखवलंच नव्हतं. मी आयुष्यभर भोसरीत ग्रॅव्हिटी डाय कास्टिंगमध्ये, म्हणजे वितळलेला धातू डायमध्ये (धातूच्या साच्यात) ओतण्याचं, काम केलं. तिथे कास्टिंग मापात आलं नाही की नवा सुपरवायझर आधी डायला हात घालतो आणि जुना आधी धातूचं तापमान विचारतो. मी जुन्यांतला.

त्यामुळे पहिलं काम मी हे केलं की ती एक तक्रार कापून दोन केल्या. सात खाली ही एक, तीन डावीकडे ही दुसरी. दोन्हींचं कारण एकच असेल असं मानायला काहीच आधार नव्हता. उजव्या हातानं मारणाऱ्याच्या गोळ्या डावीकडे गेल्या की कुठलाही कोच आधी ट्रिगरवरचं बोट बघतो. खाली जाण्याची कारणं मात्र बरीच असतात: गोळीचं वजन, नेम धरण्याची पद्धत, धक्क्याच्या भीतीनं मनगट आधीच दाबलं जाणं, आणि हो, माशीची उंचीही.

नेमाची पद्धत लगेच विचारून घेतली. पुण्यात एअर पिस्तूल शिकलेला कोणीही काळ्या वर्तुळाच्या खाली, पांढऱ्यात माशी ठेवतो आणि साइट त्याप्रमाणे वर चढवलेली असते. एअर पिस्तुलाच्या कार्डावरचं काळं 59.5 मिलिमीटरचं असतं. त्याच्या खाली माशी ठेवून दहावर मारायची सवय लागली की माणूस दुसऱ्या कुठल्याही पिस्तुलावर तेच करतो आणि मग सगळं खाली लागतं म्हणून कपाळाला हात लावतो. पुतण्या तसा नव्हता. तो तिकडेच शिकलेला, माशीचं टोक थेट मध्यावर ठेवणारा. ती शक्यता मिटली.

त्याचं रिव्हॉल्व्हर अर्थातच ओहायोत होतं. पण डावीकडचं बोट बघायला रिव्हॉल्व्हर लागत नाही. आपल्याकडे 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही, आणि स्पर्धेचं एअर पिस्तूल त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतं. अर्धा ग्रॅमचा पेलेट (छर्रा) सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास, म्हणजे पाचसहा ज्यूल. क्लबात पाहुणा म्हणून त्याला घेऊन गेलो. बालेवाडीला 2008 मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धांची नेमबाजी झाली आणि त्यानंतर पुण्यात एअर पिस्तुलाच्या रेंज बऱ्याच झाल्या. आता कोथरूड-बाणेरच्या आईबापांना ट्रिगरचं वजन तोंडपाठ असतं.

एअर पिस्तुलाचा फायदा हा की त्याला नाव घेण्याजोगा धक्का नाही. धक्क्याची भीती, नळी वर उडणं, हे सगळं गणितातून बाहेर. उरतात फक्त डोळा, मनगट आणि बोट. आधी मी मारून साइट मध्यावर आहे याची खात्री केली, मग पिस्तूल त्याला दिलं. पेलेट पसरले, पण त्यांचा मध्य घड्याळात नऊचा आकडा असतो त्या बाजूला, आठच्या रिंगेजवळ. वरखाली काही नाही. शुद्ध डावीकडे.

रिव्हॉल्व्हरवरची तीन सेंटीमीटरची चूक दहा मीटरवर आणली तर 1.3 सेंटीमीटर होते, आणि कार्डावर एकेक रिंग 8 मिलिमीटरची असते. म्हणजे दीड रिंग. ट्रिगर वेगळा, पकड वेगळी, त्यामुळे आकडा जुळावा अशी माझी अपेक्षा नव्हती. दिशा जुळली एवढं मला पुरेसं होतं.

मग पेलेट न घालता, ड्राय. मी त्याच्या डाव्या खांद्याशी उभा राहून माशीकडे बघत होतो. ट्रिगर सुटेपर्यंत माशी अगदी स्थिर. सुटला त्या क्षणी ती टुणकन डावीकडे उडायची आणि परत यायची. बोट बघितलं तर ट्रिगरवर फक्त टोक टेकलेलं, नखाच्या खालचा पाव भाग. अशा बोटानं ट्रिगर मागे ओढला जात नाही, तिरका ढकलला जातो. बोट थोडं आत घेतलं, पेराचा मऊ भाग ट्रिगरच्या मध्यावर आणला, आणि बोटाची मधली बाजू ग्रिपला टेकणार नाही एवढी फट ठेवली. माशीची उडी निम्म्यावर आली. सवय एका दुपारी जात नाही, पण डावीकडच्या चुकीचा पत्ता लागला होता.

इथे मला त्याच्याशी थोडं भांडावं लागलं. त्याचं म्हणणं, बोट आहे हे मान्य, पण रिव्हॉल्व्हरची नळी फ्रेममध्ये थोडी कमीजास्त आवळली गेली असेल, माशी तिरपी असेल, तर तीन सेंटीमीटर त्यानंही येतील. मुद्दा खरा आहे. आट्यांनी बसवलेली नळी जराशी जास्त फिरली की माशी उभी राहत नाही, कलते, आणि सगळा मार बाजूला जातो. एअर पिस्तुलानं त्याचं बोट दोषी ठरवलं, पण रिव्हॉल्व्हरला निर्दोष सोडलं नव्हतं. त्यासाठी दुसरा माणूस आणि दुसरं काडतूस हवं होतं.

तो परत गेल्यावर करायची चाचणी आम्ही इथेच कागदावर मांडली. दोन माणसं: तो आणि त्याचा रेंजवरचा एक मित्र, जुना रिव्हॉल्व्हरवाला. दोन काडतुसं: त्याची स्वतःची, 125 ग्रेनच्या ओतीव गोळीची, आणि दुकानातून आणलेली 158 ग्रेनच्या साध्या शिशाच्या गोळीची. एक ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम, तेव्हा एक गोळी 8.1 ग्रॅमची आणि दुसरी 10.24 ग्रॅमची. माणूस आणि काडतूस यांच्या चारही जोड्या, प्रत्येक जोडीच्या पंधरा गोळ्या, वेगवेगळ्या कार्डांवर. हात वाळूच्या पिशवीवर टेकलेले. नळी पिशवीवर टेकवायची नाही, कारण टेकलेली नळी उडताना वेगळी उडते आणि मार बदलतो.

पंधरा का, असं त्यानं विचारलं. कारण पाच गोळ्यांच्या ग्रुपचा मध्य हा मध्य नसतो, मध्याचा अंदाज असतो. आठ सेंटीमीटरच्या ग्रुपमध्ये तो सव्वा सेंटीमीटर इकडेतिकडे सरकणं अगदी नेहमीचं आहे. पंधरा गोळ्या घेतल्या तर ते सरकणं पाऊण सेंटीमीटरच्या आत येतं. पाच गोळ्या मारून साइटला हात लावणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. ते बिचारे दिवसभर स्वतःच्याच पसाऱ्यामागे पळत असतात.

चारही कार्डांचे फोटो आले. मित्रानं दुकानातल्या 158 ग्रेनच्या गोळ्या मारल्या: मध्यापासून अर्धा सेंटीमीटर वर, बाजूला जवळजवळ काही नाही. मित्रानं पुतण्याच्या 125 ग्रेनच्या मारल्या: सात सेंटीमीटर खाली, बाजूला काही नाही. पुतण्यानं 158 मारल्या: वरखाली ठीक, तीन सेंटीमीटर डावीकडे. पुतण्यानं 125 मारल्या: सात खाली, तीन डावीकडे, म्हणजे मूळ तक्रार जशीच्या तशी.

डावं-उजवं माणसाबरोबर बदललं, काडतुसाबरोबर नाही. वर-खाली काडतुसाबरोबर बदललं, माणसाबरोबर नाही. माशी सरळ होती, तिची उंचीही योग्य होती. रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्यानं ती 158 ग्रेनच्या गोळीसाठी ठेवली होती, कारण .38 स्पेशलची नेहमीची गोळी तीच. माशी घासली असती तर 125 ग्रेनच्या गोळ्या मध्यावर आल्या असत्या, आणि घरात ठेवलेली दुकानातली सगळी काडतुसं सात सेंटीमीटर वर गेली असती.

हलकी आणि वेगवान गोळी खाली का लागते, हे नव्या माणसाला पटत नाही. वेग जास्त म्हणजे गुरुत्वाकर्षणाला वेळ कमी, मग ती वर लागायला हवी. 23 मीटरवर हा हिशेब मांडून बघा. पुतण्याच्या 125 ग्रेनच्या गोळीचा वेग क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, सेकंदाला 275 मीटरच्या आसपास होता. ती वाटेत 3.4 सेंटीमीटर पडते. 158 ग्रेनची गोळी 235 मीटरनं जाते आणि 4.7 सेंटीमीटर पडते. म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे जड गोळी सव्वा सेंटीमीटर खालीच लागायला हवी. प्रत्यक्षात ती साडेसात सेंटीमीटर वर लागली. तेव्हा पावणेनऊ सेंटीमीटरचा फरक दुसरं कोणीतरी करतंय.

ते दुसरं कोणी म्हणजे धक्का. गोळी नळीत पुढे सरकू लागली की त्याच क्षणी पिस्तूल मागे सरकू लागतं. गोळी बाहेर पडल्यावर नव्हे, आत असतानाच. नळी हाताच्या पकडीच्या वर असते, म्हणून पिस्तूल नुसतं मागे जात नाही, तोंड वर करून फिरतं. गोळी बाहेर पडते तेव्हा नळीचं तोंड आपण नेम धरला त्याहून थोडं वर वळलेलं असतं. म्हणूनच पक्क्या साइटच्या रिव्हॉल्व्हरवर माशी उंच ठेवतात. नेम धरताना नळी मुद्दाम किंचित खाली रोखलेली असते आणि उरलेलं धक्का भरून काढतो. असं रिव्हॉल्व्हर बाजूनं उजेडात धरलं तर माशीचं टोक नळीपासून मागच्या खाचेपेक्षा जास्त उंच आहे हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

आता किती फिरतं? संवेग अक्षय्यतेचा अकरावीतला नियम लावा. गोळी नळीत दहा सेंटीमीटर पुढे जाते तोवर पिस्तूल मागे किती जाईल: गोळीचं वजन गुणिले दहा सेंटीमीटर, भागिले पिस्तुलाचं वजन. 10.24 ग्रॅमच्या गोळीसाठी 1.14 मिलिमीटर, 8.1 ग्रॅमच्या गोळीसाठी 0.9 मिलिमीटर. काडतुसातल्या दारूचं वजन यात धरलेलं नाही, ते थोडंच असतं. फिरणंही याच प्रमाणात. जड गोळी बाहेर पडेपर्यंत पिस्तूल जास्त फिरतं, मार वर जातो.

या सूत्रात वेग कुठेच नाही, हे नीट बघण्यासारखं आहे. वेगवान गोळी पिस्तुलाला जोरात मागे ढकलते, पण त्या ढकलण्याला वेळ कमी मिळतो. दोन्ही एकमेकांना कापतात. काडतुसं भरणाऱ्यांत एक समज पक्का बसलेला असतो: मार वर न्यायचा असेल तर दारू कमी करा, गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते आणि नळी जास्त उचलली जाते. त्यांना तसा अनुभव येत असेलही, कारण बहुतेकदा ते वजन आणि वेग एकदमच बदलतात. पण निव्वळ वेगावर भरवसा ठेवून सात सेंटीमीटर भरून निघतील असं मला वाटत नव्हतं.

पुतण्याला मात्र तेच आधी करून बघायचं होतं, कारण त्यात नवा साचा विकत घ्यावा लागत नव्हता. मी अडवलं नाही. दारूच्या उत्पादकानं छापलेल्या तक्त्यात त्या गोळीसाठी जे किमान प्रमाण दिलंय, त्याच्या खाली जायचं नाही एवढीच अट घातली. दारू फार कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, आवाज फुसका होतो, आणि लक्षात न येता पुढचा ट्रिगर ओढला तर नळी फुगते किंवा फुटते. असा फुसका आवाज आला की थांबायचं, रिव्हॉल्व्हर रिकामं करायचं आणि नळीतून सळई घालून बघायचं. यात चर्चा नाही.

किमान प्रमाणावर वेग 275 वरून 245 वर आला. पंधरा गोळ्यांचा मध्य सात खालीवरून साडेसहा खालीवर. हा फरक पसाऱ्यात बुडून जातो. गुरुत्वाकर्षणानं खाली ओढलं असेल, मनगटानं थोडं वर दिलं असेल, बेरीज शून्य. त्या संध्याकाळी त्यानं 158 ग्रेनचा साचा मागवला.

इथून पुढचं माझ्या आवडीचं. साचा ॲल्युमिनियमचा, दोन पोकळ्यांचा, सपाट नाकाच्या खांदेवाल्या गोळीचा. धातू म्हणजे गाडीच्या चाकांना लावायची जुनी शिशाची वजनं आणि थोडं कथील. निव्वळ शिसं 327 अंशांना वितळतं, पण फार मऊ असतं. अँटिमनीनं कठीणपणा येतो, कथलानं धातू साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात नीट भरतो. हल्ली चाकांची वजनं जस्ताचीही येतात, आणि जस्त भट्टीत मिसळलं की ओतकामाचा सत्यानाश. मात्र जस्त 419 अंशांना वितळतं. भट्टी 370च्या आसपास ठेवली तर जस्ताची वजनं न वितळता वर तरंगतात आणि झाऱ्यानं काढून टाकता येतात. त्याच्याकडे थर्मामीटर होता. नसता तर मी आधी तोच घ्यायला लावला असता.

पहिल्या घाण्याच्या गोळ्यांचे जवळून काढलेले फोटो त्यानं पाठवले. अंगावर सुरकुत्या आणि बुडाची कड गोलसर. हे दोन्ही दोष मी ॲल्युमिनियमच्या कास्टिंगवर इतक्या वेळा पाहिलेत की फोटो उघडताच कळलं: साचा थंड आहे, आणि त्यावर तेलाचा हात राहिलाय. नव्या साच्यावर बऱ्याचदा तेल राहिलेलं असतं. ते साबणपाण्यानं धुवायचं, साचा पूर्ण कोरडा करायचा, मग भट्टीच्या कडेला ठेवून तापवायचा. कोरडा यावर मी दोनदा जोर दिला. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब गेला तरी त्याची वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं.

बुडाची कड महत्त्वाची. नळीतून बाहेर पडताना गोळीच्या मागचा वायू शेवटी बुडालाच ढकलतो. कड एका बाजूला गोल असेल तर वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. नाकावरची एखादी सुरकुती मी चालवून घेईन, बुडाची अपुरी कड नाही. दुसरी खोड म्हणजे साच्यावरचं जादा धातूचं टोपण घाईनं कापणं. ते अजून मऊ असताना कापलं तर बुडातून धातू ओरबाडला जातो आणि खड्डा पडतो. टोपणावरची चमक मावळून ते करडं पडेपर्यंत थांबायचं, मग कापायचं.

साचा तापल्यावर गोळ्या सुधारल्या. प्रत्येक गोळी तराजूवर. बहुतेक 157 ते 159 ग्रेन. दोन ग्रेननं हलकी निघाली तर तिच्या पोटात हवेची पोकळी आहे असं समजून परत भट्टीत. साच्यावर 158 लिहिलं असलं तरी धातू बदलला की वजन बदलतं: कथील आणि अँटिमनी शिशापेक्षा हलके, म्हणून मिश्रण जितकं कडक तितकी गोळी हलकी.

मग माप. त्याच्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरचं, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाचं, तोंड .358 इंच होतं, आणि गोळ्या त्याच मापाच्या केल्या. ओतीव गोळी तोंडापेक्षा बारीक राहिली तर वायू बाजूनं निसटून शिसं वितळवतो, ते नळीच्या खाचांत चिकटत जातं आणि पन्नासेक गोळ्यांनंतर ग्रुप उधळतो. हे सगळं उघड्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि नंतर साबणानं हात धुऊन. घरात दोन लहान मुलं आहेत. तो भट्टी गॅरेजच्या दाराबाहेर लावतो हे आधी विचारून घेतलं.

दारू भरतानाचा धोका वेगळा. 125 ग्रेनच्या गोळीचं प्रमाण 158च्या मागे भरायचं नाही. जड गोळी सरकायला वेळ घेते आणि पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या कवचात, जास्त आत बसून दारूची जागा कमी करते, त्यामुळे दाब चढतो. 158साठी तक्ता वेगळा, सुरुवात त्याच्या किमान प्रमाणापासून. .38 स्पेशलची पुंगळी लांब आणि दारू थोडी. एकाच पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही, म्हणून वरून कळत नाही. पन्नास पुंगळ्या लाकडी पाटात उभ्या करून, गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत टॉर्च मारून बघायचं. दारूची पातळी सगळीकडे एकसारखी दिसली पाहिजे.

पुण्यातल्या वाचकाला इथे एक सांगून टाकतो. हे काम आपल्याकडे करायचं नाही. शस्त्र अधिनियम 1959च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा मोठी आहे. खडकीत 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे म्हणून पुणेकराला काडतुसाबद्दल घरगुती जवळीक वाटते, पण पुंगळीला हात लावायचा हक्क त्यातून मिळत नाही. कानपूरचं .32 रिव्हॉल्व्हर परवान्यावर घेतलेल्या माणसालाही पक्क्या साइटचा हाच त्रास होऊ शकतो. त्यानं आधी दुसऱ्या माणसाच्या हातून मारून बघावं, मग दुसऱ्या लॉटची काडतुसं मिळाली तर ती मारावीत, आणि तरीही चूक तेवढीच राहिली तरच परवानाधारक गनस्मिथकडे माशीचा विषय काढावा. बहुतेकांचं प्रकरण पहिल्याच पायरीवर मिटेल असा माझा अंदाज आहे. वर्षातून एकदा दहा गोळ्या मारणाऱ्याच्या रिव्हॉल्व्हरला दोष द्यायला फार धीर लागतो.

ओहायोतला निकाल असा. 158 ग्रेनच्या ओतीव गोळ्या, क्रोनोग्राफवर सेकंदाला 235 मीटर, पंधरा गोळ्या, मित्राच्या हातून: मध्यापासून अर्धा सेंटीमीटर खाली. दुकानातल्या काडतुसांपासून एक सेंटीमीटरचा फरक. तो पसाऱ्याच्या काठावर आहे, आणि त्यासाठी कशालाही हात लावायचा नाही असं ठरलं. ग्रुप थोडा लहान झाला, ते बहुधा बुडाच्या कडांमुळे.

पुतण्याच्या हातून वरखाली तेवढंच, डावीकडे एक सेंटीमीटर. मधल्या काळात तो रोज रात्री रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर भिंतीकडे तोंड करून ड्राय करत होता, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. रेंजवर मित्र त्याच्या सिलिंडरमध्ये एखादं डमी काडतूस मधेच घालून द्यायचा. डमीवर ट्रिगर सुटला की धक्का येत नाही, आणि माशीनं काय केलं ते उघडं पडतं. हॅमर, म्हणजे घोडा, आधी मागे ओढून मारलं तर बोट आता सरळ चालतं. नुसत्या ट्रिगरनं मारलं, जिथे ओढ लांब आणि जड असते, तर तीन सेंटीमीटर डावीकडे परत येतात. त्यावर अजून काम चालू आहे.

125 ग्रेनच्या भरून ठेवलेल्या काडतुसांचं काय, हा प्रश्न राहिला होता. मोडायची गरज नव्हती. सात यार्डांवर सात सेंटीमीटरचे दोन होतात, आणि त्या अंतरावरच्या सरावाला दोन सेंटीमीटरनं काही बिघडत नाही. डब्यावर त्यानं गोळीचं वजन, दारूचं नाव, प्रमाण आणि तारीख लिहिली, आणि खाली जाड पेननं: "फक्त 7 यार्ड".